घातक मोहिनी (चित्रपटातील पात्रप्रकार)

रूपाच्या बळावर पुरुषाला गुन्ह्याकडे किंवा सर्वनाशाकडे ओढून नेणारी स्त्री. १९४० नंतरच्या अमेरिकी फिल्म न्वारमध्ये (काळोख्या गुन्हेपटांत) हे पात्र रूढ झाले. बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’मधील (१९४४) फिलिस विम्याच्या पैशासाठी नवऱ्याचा काटा काढते. मराठीत तिची सर्वांत जवळची बहीण तमाशाच्या फडात भेटते: व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’तील (१९७२) चंद्रकला. ही व्यक्तिरेखा संध्या यांनी साकारली.

चंद्रकलेला पैशाचा लोभ नाही, तिला अपमान झोंबलेला आहे. आदर्श शिक्षक म्हणून पुजले जाणारे गुरुजी (डॉ. श्रीराम लागू) फडाला गावात थारा देत नाहीत, म्हणजे तिच्या पोटावरच पाय देतात. तिचे मोहजाल हे त्या अपमानाचे उत्तर आहे. यावर आक्षेप येतो की लावण्यांनी भरलेल्या रंगीत चित्रपटाला न्वारच्या पंगतीत बसवणे ओढूनताणून आहे, शिवाय चंद्रकला पुढे गुरुजींवर जीव लावते. पण दोन्ही परंपरांचे मूळ एकच आहे. ‘पिंजरा’चा आधार योझेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘द ब्लू एंजल’ (१९३०). त्यातली मार्लेन डीट्रिचची लोला न्वारमधल्या अनेक नायिकांची पूर्वज ठरली. लोला तिच्यावर भाळलेल्या मास्तराला धुळीस मिळवून गातच राहते. चंद्रकला मात्र बदलते, आणि तरीही गुरुजींचा नाश टळत नाही. याचा अर्थ नाशाचे बीज तिच्या रूपात नव्हते; ते गुरुजींच्या प्रतिमेत होते, कारण ती प्रतिमा माणसाला चुकण्याची मुभाच देत नव्हती. गाव त्यांना मेलेले समजून त्यांचा पुतळा उभारते, आणि अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोप अंगावर घेऊन ते शिक्षा पत्करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शीर्षकापासूनच चित्रपट स्त्रीच्या मोहाला पिंजरा म्हणतो. हे मान्य करावेच लागते: दिग्दर्शकाची सहानुभूती पुतळ्याकडे झुकलेली आहे, आणि फडातल्या बाईच्या पोटाचा प्रश्न पहिल्या भागानंतर मागे पडतो. तो प्रश्न तिथेच सोडून दिला, ही ‘पिंजरा’ची खरी उणीव आहे.