खाचांचं कूळ फिनॉलचं

चिप बनवताना सिलिकॉनची चकती पॉलिशिंग पॅडवर घासून सपाट करतात. पॅडला गोल खाचा असतात, त्यांतून द्रव पसरतो. या खाचांची खोली, रुंदी आणि त्यांच्यातलं अंतर, यांचे ठरावीक पल्ले अप्लाइड मटेरिअल्सने पेटंटमध्ये मांडले होते. जुन्या दस्तऐवजांतले पल्ले त्यांना छेदत होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने दावे नामंजूर ठेवले: जाणकाराला हे सहज सुचलं असतं.

या निकालाचा एक आधार १९५५ चा, ‘इन रे ॲलर’. त्यात ना चिप, ना पॅड, आहे फिनॉल. क्युमीन हायड्रोपेरॉक्साइडचं गंधकाम्लाने विघटन करायचं. जुनी कृती १०० अंश सेल्सिअसला, १० टक्के आम्लात. अर्जदारांची ४० ते ८० अंशांत, २५ ते ७० टक्के आम्लात. उतारा वाढला, तरी न्यायालय बधलं नाही. ढोबळ कृती माहीत असेल तर योग्य आकडे नेहमीच्या चाचण्यांतून शोधणं हा शोध नव्हे. फरक केवळ प्रमाणाचा नको, जातीचा हवा.

गंमत म्हणजे इथे पल्ले एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत! म्हणून कुणी १९७४ च्या ‘मालागारी’ला मूळपुरुष म्हणेल. तिथे पोलादातल्या कार्बनचे पल्ले, ०.०२० ते ०.०३५ आणि ०.०३० ते ०.०७० टक्के, खरोखर एकमेकांवर चढतात. शिवाय पोलाद सिलिकॉनचं, त्यामुळे मोह दुप्पट. मला ते पटत नाही. मालागारीने पल्ले छेदले की संशय घ्यायला शिकवलं, पण संशय का घ्यायचा याचं कारण ॲलरमध्येच आहे. १८७४ च्या ‘स्मिथ विरुद्ध निकोल्स’मध्ये लवचीक कापडाच्या वादात ‘नुसता प्रमाणातला बदल’ नाकारला होता, त्याला फार तर पणजोबा म्हणू. प्रयोगशाळेतली रोजची खटपट मोजायला शिकवली ती फिनॉलनेच.

सुटकेची एक वाट १९७७ च्या ‘अँटनी’ने ठेवली, तीही सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तबकड्यांच्या वादातून: ज्या आकड्याचा परिणामाशी संबंध आहे हेच आधी ठाऊक नव्हतं, तो जुळवणं सहज सुचणारं ठरत नाही. पॅडच्या प्रकरणात ही वाट बंद होती. खाचांची मापं पॉलिशवर परिणाम करतात हे ठाऊकच होतं, आणि तिन्ही मापं एकत्र जुळवली एवढ्याने न्यायालयाचं समाधान झालं नाही.