रुमाल टाकणारे आपण

परवा गंगापूरच्या बसस्टँडवर संभाजीनगरची गाडी लागली आणि सगळी गर्दी दाराकडे धावली. एका पोरानं खिडकीतून दप्तर आत फेकलं. मी त्याला चांगलंच सुनावलं, "अरे, रांग नावाचं काही असतं की नाही?" पोरगं नुसतं हसलं. कारण माझा रुमाल त्याच्याआधीच पुढच्या खिडकीतून आत जाऊन बसला होता!

गंमत पुढेच आहे. बाहेर होतो तोवर "सरका हो आत, भरपूर जागा आहे" असं ओरडणारा मी, पुढच्या फाट्यावर एक आजी चढायला लागल्या तेव्हा म्हणालो, "जागा नाही आजी, मागच्या गाडीनं या."

घरी आल्यावर गांधीजींचा एक लेख आठवला. 1917 साली ते मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं गेले होते. भाडं तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर लिहिलेलं, 22 उतारू. रायचूरला गर्दी अशी लोटली की आतल्या झुंजार मंडळींनी लोंढा थोपवून पाहिला, पण छे! रेल्वेचे नोकर येत ते आणखी माणसं कोंबायला. रात्रीचा बराच वेळ त्या डब्यात 35 जण होते. हातघाईवर आलेलं भांडण काही वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून टाळलं.

रायचूर आणि आमचं गंगापूर तेव्हा एकाच निजामी राज्यात होतं, हा एक योगायोग. मला मात्र ती झुंजार मंडळी ओळखीची वाटली. तीही कुठल्यातरी स्टेशनावर अशीच रेटून आत शिरली असणार ना? माणूस पायरीवर असतो तोवर गाडी सगळ्यांची असते. बूड टेकलं की ती त्याच्या मालकीची होते.

गांधीजींनी रेल्वेला झोडपलंच. बड्या लोकांनी न कळवता तिसऱ्या वर्गानं प्रवास करून बघावा, असा उपायही सुचवला. पण पुढे आत्मकथेत या वर्गाच्या हालांबद्दल लिहिताना रेल्वेच्या बेपर्वाईबरोबर उतारूंचा आडदांडपणा आणि स्वार्थही त्यांनी मोजला. आपण पहिला भाग आवडीनं सांगतो. दुसरा भाग आला की खिडकीबाहेर बघतो.

मीही तेच केलं. आजी कशाबशा चढल्या आणि दांडा धरून उभ्या राहिल्या. मी बाहेरची कपाशी बघत बसलो. वाळूज जवळ आलं तेव्हा कुठे उठलो आणि म्हणालो, "बसा आजी."

"राहू दे बाळा," त्या म्हणाल्या, "मला आता उतरायचंच हाय."

त्या पोराला दिलेलं व्याख्यान तेवढं परत घ्यायचं राहिलंय. असो.