उपदेशाची जबाबदारी

कर्वेनगर हे नाव महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. इथे राहताना मला त्यांच्या थोरल्या मुलाचा, रघुनाथरावांचा, खटला वारंवार आठवतो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात त्यांनी हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडूनही दोनशे रुपये दंड झाला.

छापील शब्दाला असा जाब विचारला जातो. मग व्यासपीठावरील उपदेशाला?

मार्च २००९ मध्ये अमेरिकन धर्मप्रचारक स्कॉट लाइव्हली यांनी युगांडात, कंपाला येथे, समलिंगी लोक मुलांना व कुटुंबसंस्थेला धोका असल्याचे सांगितले. त्याच ऑक्टोबरात देहदंडाची तरतूद असलेले विधेयक तिथल्या संसदेत आले. देहदंडाला आपला पाठिंबा नव्हता, असे लाइव्हली म्हणाले. पुढच्या वर्षी एका वृत्तपत्राने समलिंगींची नावे व छायाचित्रे छापून त्यांना फाशी देण्याचे आवाहन केले. त्यांतले डेव्हिड काटो त्याविरुद्ध न्यायालयात गेले, जिंकलेही. काही आठवड्यांतच, २६ जानेवारी २०११ रोजी, त्यांचा हातोडीने खून झाला. पोलिसांनी कारण वैयक्तिक असल्याचे सांगितले.

युगांडातील संघटनेने लाइव्हलींवर अमेरिकेत दावा लावला. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले, पण अधिकारक्षेत्राअभावी दावा फेटाळला.

उपदेशक खुनी ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण शेजाऱ्याची भीती धर्माच्या नावाने पेरली, तर तिच्या पिकाचा हिशेब त्यालाही द्यावा लागेल. रघुनाथरावांनी शंका फेडल्या आणि दंड भरला. लाइव्हली मात्र मोकळे राहिले.