तगणाऱ्या जाळ्यांची रचना

आलेख सिद्धांतातील व संगणकशास्त्रातील एक प्रश्न. वीज, दूरध्वनी किंवा संगणकांचे जाळे कमीत कमी खर्चात असे उभारायचे, की काही दुवे तुटले तरी ठरवलेल्या ठिकाणांमधला संपर्क टिकावा. आलेखात ठिकाणांना शिरोबिंदू व दुव्यांना कडा म्हणतात.

ठिकाणे नुसती जोडायची असतील, तर काम सोपे आहे. मोरावियातील वीजजाळ्यासाठी ओताकार बोरूव्का यांनी १९२६ मध्ये किमान खर्चाचा वृक्ष, म्हणजे सर्व ठिकाणे जोडणारे पण वलय नसलेले जाळे, काढण्याची रीत दिली. पण वृक्षाची एक कडा तुटली, की त्याचे दोन तुकडे पडतात. कोणत्याही क कडा तुटल्या तरी दोन ठिकाणे जोडलेली राहायची, तर त्यांच्यामध्ये एकही कडा सामाईक नसलेले क + १ मार्ग हवेत (मेंगर यांचे प्रमेय, १९२७).

एवढ्याने प्रश्न अवघड होतो. शंभर ठिकाणे शंभरच कडांनी एका तुटीला पुरून उरतील अशी जोडायची, म्हणजे प्रत्येक ठिकाणातून एकदाच जाणारे वलय शोधायचे. आणि असे वलय आहे की नाही हे ठरवणे एनपी-कठीण आहे, म्हणजे त्यासाठी नेहमी वेगाने चालणारी रीत ज्ञात नाही. म्हणून सर्वांत स्वस्त जाळ्याचा हट्ट सोडून त्याच्या ठरावीक पटीत राहण्याची हमी देणाऱ्या आसन्न रीती वापरतात.

एकेरी जोडणीसाठी दुप्पट खर्चाची हमी अजित अग्रवाल, फिलिप क्लाइन व आर. रवी यांनी १९९१ मध्ये दिली. ठिकाणांच्या जोड्यांमध्ये अनेक मार्गांची मागणी असताना १९९४ मध्ये मिळालेली हमी मागणीबरोबर लॉगरिदमच्या गतीने सैल होत जाई. कमल जैन यांनी १९९८ मध्ये ती सर्व मागण्यांसाठी दुपटीवर आणली. त्यांच्या रीतीत आधी कडा अपूर्णांकात घेण्याची मुभा देऊन रेषीय प्रोग्रामिंगने उत्तर काढतात. या उत्तराचा खर्च खऱ्या किमान खर्चाहून कधीच जास्त नसतो. अशा कोनबिंदू-उत्तरात (शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कोपऱ्यावरील उत्तरात) निदान एक कडा अर्धी किंवा त्याहून अधिक घेतलेली असतेच, हे जैन यांनी सिद्ध केले. ती पूर्ण घ्यायची, उरलेल्या मागणीसाठी गणित पुन्हा सोडवायचे आणि मागणी संपेपर्यंत हेच करायचे. अर्ध्याची पूर्ण करताना खर्च फार तर दुप्पट होतो.

कडांच्या तुटीच्या सर्वसाधारण प्रश्नासाठी याहून चांगली हमी ज्ञात नाही. मात्र तयार वृक्षात कडांची भर घालून तो एका तुटीपुरता पक्का करण्याच्या प्रश्नात, कडांच्या किमती कशाही असल्या तरी, दुपटीची मर्यादा वेरा ट्राउब व रिको झेंकलुझेन यांनी २०२१ मध्ये ओलांडली. दुव्यांऐवजी ठिकाणेच बंद पडण्याचा प्रश्न याहून कठीण असून तेथे जैन यांची हमी लागू पडत नाही.