अक्को येथील सिनेगॉग : खड्यांत मांडलेला इतिहास

ट्यूनिस शहराजवळ हमाम लिफ नावाचे गाव आहे. इ. स. १८८३ मध्ये, म्हणजे फ्रेंचांनी ट्यूनिसिया आपल्या संरक्षणाखाली घेतल्यानंतर दोनच वर्षांनी, तेथे कॅप्टन प्रुद्योम ह्यांच्या शिपायांना जमीन खणताना एक चित्रमय फरशी लागली. तिच्यावर मोर, मासे, बदके, खजुरीचे झाड आणि यहुद्यांचा सप्तशाख दीपवृक्ष होता. सोबत एक लॅटिन लेख होता. नारो येथील पवित्र सिनेगॉगची ही जमीन जुलियाना नावाच्या स्त्रीने आपल्या कल्याणासाठी स्वतःच्या द्रव्याने खडे बसवून करविली, असे तो सांगतो. ही फरशी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची होय. पुढे तिचे तुकडे पांगले आणि त्यांपैकी एकवीस १९०५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने विकत घेतले.

यहुदी धर्माला मूर्ती वर्ज्य. मग प्रार्थनागृहात मोर आणि मासे कसे, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. मनाई होती ती पूजेसाठी प्रतिमा घडविण्याला. तिचा अर्थ काळानुसार कधी कठोर, कधी सौम्य लावला गेला. बेथ आल्फा येथे १९२९ साली उत्खनन झालेल्या सहाव्या शतकातील सिनेगॉगच्या जमिनीवर तर बारा राशींचे चक्र असून त्याच्या मध्यभागी चार घोड्यांच्या रथात सूर्य आहे! मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना ह्या कारागिरांची नावेही तेथे कोरलेली आहेत.

ट्यूनिसियातील यहुदी वस्ती जुलियानाच्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत टिकली. १९४८ च्या सुमारास ती एक लाखाच्या घरात होती. १९४२-४३ मधील जर्मन अंमलाने तिला पहिला मोठा हादरा दिला. १९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाले, १९५६ मध्ये ट्यूनिसिया स्वतंत्र झाला, आणि ह्या वर्षांत बहुतेक कुटुंबे इस्राएलची अथवा फ्रान्सची वाट चालू लागली.

त्यांतील काही अक्कोला आली. १७९९ मध्ये नेपोलियनला ज्याच्या तटावरून माघारी फिरावे लागले, तेच हे बंदर. १९४८ च्या युद्धात येथील बहुसंख्य अरब रहिवाशांना घरदार सोडावे लागले. नव्या वस्तीची गोष्ट सांगताना ही दुसरी गोष्ट विसरून चालत नाही.

ह्या मंडळींनी १९५५ च्या सुमारास 'ओर तोरा', म्हणजे 'धर्मग्रंथाचा प्रकाश', ह्या नावाचे सिनेगॉग उभारण्यास आरंभ केला. ट्यूनिसियातील बेटावरून त्याला जेर्बा सिनेगॉग असेही म्हणतात. तेथील पुरातन 'ग्रीबा' सिनेगॉगमध्ये जेरुसलेमच्या उद्ध्वस्त मंदिराचा एक दगड बसविला आहे, अशी दंतकथा आहे. अक्कोच्या इमारतीत असा एक दगड नाही, लक्षावधी आहेत. फरशी, भिंती, छते सारे खड्यांनी मढविलेले आहे. ट्यूनिसियातून आलेले झायन बदाश ह्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ ह्या कामाचा ध्यास घेतला. चित्रफलक लेबाननच्या सीमेलगतच्या एलोन किबुत्झमध्ये तयार होत. खडे रंगविलेले नाहीत. देशाच्या निरनिराळ्या भागांतील दगडांचे अंगचे रंगच तेवढे वापरले आहेत.

चित्रांचा पसारा मोठा आहे. बायबलमधील कथा, देशातील झाडे, पशुपक्षी, नव्या राज्याचे सैन्य, आणि नाझींनी केलेल्या यहुदी संहाराचे स्मरण ही सारी शेजारी शेजारी आहेत. संयमाची आवड असणाऱ्या प्रेक्षकाला ही गर्दी खटकेल. डोळ्याला विसावा असा मिळत नाही. पण सामानसुमान मागे टाकून आलेल्या माणसांनी आठवेल ते सारे एका घरात बसवायचे ठरविले, तर मोकळी जागा उरायची कशी?

आपल्याकडे कोचीच्या परदेशी सिनेगॉगमधील निळ्या-पांढऱ्या फरश्या प्रसिद्ध आहेत. त्या अठराव्या शतकात चीनहून समुद्रमार्गे आल्या. अक्कोच्या मंडळींनी मात्र आपले खडे नव्या देशाच्याच भूमीतून वेचले. जुलियानाच्या फरशीचे तुकडे ब्रुकलिनला आणि ट्यूनिसच्या बार्दो संग्रहालयात आहेत; ओर तोरामध्ये आजही प्रार्थना चालते.