वाटा आणि मत्सर : भारतीय कादंबरीतील वाढते वय

ध्रुवाची कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते ती अढळपदाची कथा म्हणून. पण तिचा आरंभ मत्सरात आहे. उत्तानपादाच्या मांडीवर उत्तम बसला आहे, ध्रुवालाही तेथे बसावयाचे आहे, आणि सुरुची त्याला दूर लोटते. पुराणाने हा पेच वरदानाने सोडविला. जेथून कोणीही उठवू शकणार नाही असे स्थान ध्रुवाला मिळाले. कादंबरीला वरदानाची ही सोय नाही. तिच्यातील मुलाला त्याच घरात, त्याच माणसांमध्ये वाढावे लागते. विसाव्या शतकातील भारतीय कादंबरीने मुलांच्या वाढत्या वयाचे जे चित्रण केले, त्यात मत्सर हा षड्रिपूंपैकी एक एवढ्यापुरता उरत नाही. प्रेमाचा, मानाचा आणि अन्नाचा वाटा कोणाच्या पदरात किती पडतो, हे मुलाला प्रथम कळते ते मत्सरातूनच.

भाषेने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. मराठीतील ‘सवतीमत्सर’ आणि ‘भाऊबंदकी’ हे दोन्ही शब्द व्यक्तीच्या दुर्गुणापेक्षा नात्याच्या रचनेकडे बोट दाखवितात. एका पुरुषाच्या दोन स्त्रिया, एका वतनाचे अनेक वारस अशी मांडणी असली की मत्सर निर्माण होण्यासाठी कोणी मुळात दुष्ट असावे लागत नाही. नीतिकथेला दुष्ट सावत्र आई पुरेशी होती. कादंबरीने मात्र त्या आईच्या मनात डोकावण्यास आरंभ केला.

या वळणावर रवींद्रनाथ ठाकुरांची ‘चोखेर बाली’ (१९०३) उभी आहे. काटेकोर अर्थाने ती घडणीची कादंबरी नव्हे; पण घरातील मत्सर हा कथानकाचा आंतरिक चालक कसा होतो, हे तिने दाखवून दिले. मुलगा महेंद्र नववधू आशेत रमलेला पाहून राजलक्ष्मी दुखावते आणि विधवा विनोदिनीला घरात आणते. कथेला आतून गती देणारी शक्ती ही आईची ईर्षा आहे, असे रवींद्रनाथांनीच पुढे प्रस्तावनेत नमूद केले. आशा आणि विनोदिनी मैत्रीचे नाते जोडताना एकमेकींना ‘चोखेर बाली’, म्हणजे डोळ्यातील वाळूचा कण, असे नाव देतात. मैत्रीच्या नावातच सल आधीपासून आहे. महेंद्र आणि बिहारी या बालमित्रांचेही तसेच. बिहारीसाठी पाहिलेल्या मुलीशी महेंद्रच विवाह करून बसतो.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’त (१९२९) हाच मत्सर दारिद्र्याच्या घरात येतो आणि त्याचा अर्थ बदलतो. हरिहरची दूरची वृद्ध नातेवाईक इंदिर ठाकरुण सर्वजयेला नकोशी वाटते. घरात अन्न अपुरे, हे एक कारण. पण लहानगी दुर्गा आईपेक्षा म्हातारीला अधिक बिलगते, हे दुसरे आणि अधिक खोल कारण आहे. सर्वजया क्रूर नाही. जिच्यापाशी देण्यासारखे काहीच नाही, तिला मुलीचे प्रेमही वाटून घ्यावे लागते, हे तिला सहन होत नाही. पुढे दुर्गेच्या वाट्याला शेजारच्या सुस्थितीतील घराचा संशय आणि चोरीचा आळ येतो. तिच्या मृत्यूनंतर, निश्चिंदिपूर सोडताना, त्या घरातून नाहीशी झालेली सोन्याची डबी अपूला आपल्याच घरात सापडते. तो ती कोणालाही न दाखविता बांबूच्या बनात फेकून देतो. बहिणीची हाव आणि तिची लाज, दोन्ही स्वतःपाशी ठेवण्याचा हा निर्णय म्हणजे अपूच्या मोठे होण्याची पहिली खूण होय. ‘अपराजित’मध्ये आईच्या निधनाची वार्ता ऐकताच त्याच्या मनात क्षणभर सुटकेची भावना चमकून जाते. मुलाला धरून ठेवू पाहणाऱ्या मायेची दुसरी बाजू लेखकाने तेथे निर्भयपणे मांडली आहे.

मैत्रीतील मत्सराचे सर्वांत नेमके चित्रण आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) या इंग्रजी कादंबरीत आढळते. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा राजम मालगुडीच्या शाळेत येतो आणि वर्गातील जुने संबंध विस्कटतात. स्वामी त्याच्या जवळ जाताच सोमू, शंकर आदी मित्र त्याला राजमचे ‘शेपूट’ म्हणून हिणवितात आणि त्याच्याशी बोलणे सोडतात. मुलांना स्वामीचा राग येतो, पण त्या रागाच्या मुळाशी राजमचे घर, त्याचे कपडे, त्याची इंग्रजी आणि त्याच्या वडिलांची सत्ता आहे. वासाहतिक समाजाची उतरंड अशी वर्गाच्या बाकांपर्यंत पोहोचते. शेवटी राजम गाव सोडून जातो. गाडी सुटताना स्वामी त्याला एक पुस्तक देतो. राजमने क्षमा केली की नाही, हे स्वामीला निश्चितपणे कळत नाही. नारायण यांनी येथे समेट घडवून आणला नाही, यातच त्यांचा संयम दिसतो.

एम. टी. वासुदेवन नायर यांच्या मल्याळम ‘नालुकेट्टु’त (१९५८) वाट्याचा प्रश्न उघडपणे घराच्या भिंतींत मांडलेला आहे. मातृवंशीय नायर कुटुंबात मामा हा कर्ता. आईने घराच्या इच्छेविरुद्ध विवाह केल्यामुळे अप्पुण्णीला स्वतःच्याच तरवाडातून हाकलले जाते. त्या विशाल चौसोपी घराचा हेवा आणि द्वेष त्याच्या मनात एकत्र वाढतात. विधवा आईला आधार देणाऱ्या शंकरन नायरविषयी कुजबूज कानी पडताच तो आईलाही सोडून जातो. परस्त्रीविषयीची ती कुजबूज असती तर त्याने दुर्लक्ष केले असते. आईच्या प्रेमात वाटेकरी येणे मात्र त्याला असह्य होते. पुढे पैसा मिळवून तो तेच घर विकत घेतो आणि आईसह शंकरन नायरलाही तेथे आणतो. परंतु त्या अंधाऱ्या वास्तूत राहण्याची इच्छा आता उरलेली नाही. ते पाडून हवा-उजेडाचे लहान घर बांधावे, असे त्याला वाटते. केरळात एकत्र कुटुंबपद्धती रद्द करणारा कायदा १९७५ साली झाला. त्याच्या सतरा वर्षे आधी कादंबरीने त्या व्यवस्थेचा अंत एका मुलाच्या मनात घडताना दाखविला होता.

या कृतींतील मुले मत्सरावर विजय मिळवून मोठी होत नाहीत. आपल्याला नाकारणाऱ्या माणसालाही कोठेतरी काही नाकारले गेले होते, हे ओळखण्यापर्यंत ती येतात. अपू बहिणीपाशी पोहोचतो, अप्पुण्णी आईपाशी. स्वामी अर्ध्या वाटेवर फलाटावर उभा राहतो. म्हणूनच या कादंबऱ्या वाचताना मत्सरी कोण, या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. त्या घरात वाटण्यासाठी काय होते, आणि ते वाटण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे विचारले म्हणजे सुरुची आणि सर्वजया यांच्यातील अंतर स्पष्ट होते. पुराणाने पहिलीला दोषी ठरवून कथा पुढे नेली. कादंबरी दुसरीच्या रिकाम्या हातांकडे पाहत थांबली.