प्रणयकादंबरी आणि तिचा न मोजलेला वाचक



संप, टाळेबंदी, बोनस आणि वेतनाचे करार ह्यांत ज्याचे आयुष्य गेले, असा कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत प्रेमाच्या कादंबऱ्यांवर बोलणार, हे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. वाचनालयात बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. विद्वानांनी वाखाणलेली पुस्तके कपाटात कोरी राहतात आणि लोकांनी वाचलेल्या पुस्तकांची पाने सुटतात. ह्या पाने सुटलेल्या पुस्तकांत प्रणयकादंबरीचा वाटा मोठा असतो. जी वस्तू लाखो माणसे, त्यातून कष्टकरी बायका, पदरचे पैसे मोडून विकत घेतात, तिचा इतिहास तपासण्यासारखा नाही असे कोण म्हणेल?

आज मी अमेरिकेतील प्रणयकादंबरीबद्दल बोलणार आहे, कारण ह्या मालाचा सर्वांत मोठा बाजार तेथे उभा राहिला आणि त्या बाजारातला झगडाही तेथेच उघडपणे झाला. प्रश्न साधा आहे. प्रेमकथेची नायिका होण्याचा अधिकार कोणाला? आणि 'अमक्यांच्या प्रेमकथेला गिऱ्हाईक नाही' हे ठरवतो कोण?

प्रथम धंद्याचे स्वरूप पाहू. १९०८ साली लंडनमध्ये जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून ह्या दोघांनी एक प्रकाशनसंस्था काढली. पुढे ही संस्था प्रणयकादंबऱ्यांसाठीच ओळखली जाऊ लागली. आपल्याकडच्या शहरांतील भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत 'मिल्स अँड बून' ही नावे पुस्तकाच्या प्रकाराचेच नाव होऊन बसली, हे आपण जाणताच. १९४९ साली कॅनडातील विनिपेग येथे हार्लेक्विन ही संस्था निघाली. १९५७ पासून ती मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्या पुन्हा छापू लागली आणि १९७१ साली तिने ती संस्थाच विकत घेतली. त्याच सुमारास हार्लेक्विनच्या प्रमुखपदी साबण विकणाऱ्या कंपनीत मुरलेला माणूस आला. त्याने कादंबऱ्या पुस्तकांच्या दुकानातून काढून वाणसामानाच्या दुकानात मांडल्या. बाई मीठमिरची घ्यायला येते, तेथेच तिला कादंबरी दिसली पाहिजे, हा त्याचा हिशेब होता आणि तो खरा ठरला.

बाई ही कादंबरी का घेते? १९८४ साली जॅनिस रॅडवे ह्या विदुषीने ह्यावर एक ग्रंथ लिहिला. एका पुस्तकाच्या दुकानाभोवती जमलेल्या वाचक स्त्रियांना तिने हा प्रश्न समक्ष विचारला. त्या बहुतेक विवाहित, मुलाबाळांच्या बायका होत्या. दिवसभर त्या नवऱ्याचे, मुलांचे, घराचे करीत. पुस्तक हाती धरले की तेवढा वेळ कोणी काही मागू शकत नसे. कथेतल्या नायिकेची कोणीतरी काळजी घेतो, तिचे ऐकतो, हेच त्यांना हवे होते. म्हणजे कादंबरी ही त्यांची सुट्टी होती. आठ तासांच्या कामासाठी लढलेल्या माणसाला ह्या सुट्टीची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

म्हणूनच ह्या कादंबरीचा एक नियम वाचक कटाक्षाने पाळून घेतात. तिचा केंद्रबिंदू प्रेम असले पाहिजे आणि शेवट सुखाचा झाला पाहिजे. टीकाकार ह्या नियमाला हसतात. परंतु सुखाचा शेवट कोणाच्या वाट्याला येऊ द्यायचा, हा अमेरिकेत कायद्याचा प्रश्न होता हे ते विसरतात. गुलामगिरीच्या काळात गुलामांच्या विवाहाला कायद्यात स्थान नव्हते. मालक नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे विकू शके. गुलामगिरी १८६५ साली संपली. गोरा आणि काळा ह्यांच्या विवाहावरील बंदी देशभर रद्द व्हायला १९६७ साल उजाडले, आणि दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहाला सर्व राज्यांत मान्यता मिळाली ती २०१५ साली. ज्यांच्या लग्नाला सरकार लग्नच म्हणत नव्हते, त्यांच्यासाठी 'आणि ते सुखाने नांदू लागले' हे वाक्य भाबडे नव्हते. ती एक मागणी होती.

ही मागणी जुनी आहे. १८९२ साली फ्रान्सिस हार्पर ह्या कृष्णवर्णीय लेखिकेची 'आयोला लरॉय' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका गोऱ्या डॉक्टरची मागणी नाकारते आणि आपल्याच समाजासाठी झटणाऱ्या डॉक्टरशी लग्न करते. १९५० साली जॉन जॉन्सन ह्या कृष्णवर्णीय प्रकाशकाने 'टॅन कन्फेशन्स' नावाचे प्रेमकथांचे मासिक काढले. म्हणजे वाचक होता, पैसे मोजीत होता. फक्त मोठ्या प्रकाशकांच्या वहीत त्याचे नाव नव्हते.

ह्या वहीत ते नाव प्रथम लिहिले व्हिव्हियन स्टीफन्स ह्या संपादिकेने. त्या स्वतः कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कच्या डेल ह्या प्रकाशनसंस्थेत त्या प्रणयकादंबऱ्यांचे काम पाहत. १९८० साली त्यांनी 'एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज' ही कादंबरी छापली. लेखिकेचे टोपणनाव रोझलिंड वेल्स, खरे नाव एल्सी वॉशिंग्टन, व्यवसायाने पत्रकार. नायिकाही नियतकालिकाची वार्ताहर. कृष्णवर्णीय लेखिकेने कृष्णवर्णीय नायक-नायिकेवर लिहिलेली ह्या बाजारातील पहिली प्रणयकादंबरी म्हणून तिची नोंद होते. त्याच वर्षी ह्युस्टन येथे काही लेखिकांसह स्टीफन्सबाईंनी प्रणयकादंबरीकारांची संघटना स्थापन केली. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' हे तिचे नाव. ह्या संघटनेकडे मी परत येणार आहे.

पुढे स्टीफन्सबाई हार्लेक्विनमध्ये गेल्या. त्या दशकाच्या मध्यास तेथून सँड्रा किट हिच्या कादंबऱ्या निघाल्या. ही लेखिका न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ग्रंथपाल होती. परंतु स्टीफन्सबाईंची नोकरी गेली आणि दार पुन्हा बहुतांशी मिटले. कारण सांगितले जाई ते एकच: मालाला उठाव नाही. गोऱ्या वाचक स्त्रिया काळ्या नायिकेशी एकरूप होणार नाहीत, असा त्यामागचा तर्क. आता गंमत पाहा. कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या नायिकांच्या सुखदुःखांत रंगून जात होत्या, त्याबद्दल कोणाला शंका आली नाही. शंका फक्त उलट बाजूने आली. आणि जो माल दुकानात ठेवलाच नाही, त्याला उठाव नाही हे कशावरून ठरवले?

मराठीत 'उठाव' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुढच्या दहा वर्षांत दोन्ही खरे झाले. टेरी मॅकमिलन ह्या लेखिकेची पहिली कादंबरी १९८७ साली निघाली तेव्हा प्रकाशक फारशी जाहिरात करीना. तिने स्वतः दुकानदारांना, विद्यापीठांना, कृष्णवर्णीयांच्या संस्थांना हजारो पत्रे लिहिली आणि वाचक गोळा केला. १९९२ साली तिच्या 'वेटिंग टू एक्झेल'ने खपाच्या याद्यांवर ठाण मांडले, तेव्हा न्यूयॉर्कच्या कचेऱ्यांना जाग आली. दरम्यान १९९० साली लेटिशिया पीपल्स ह्या बाईने ओडिसी बुक्स ही छोटी संस्था काढून कृष्णवर्णीय प्रणयकादंबऱ्या छापून दाखवल्या होत्या. १९९४ साली अॅरबेस्क ही खास मालिका एका मोठ्या प्रकाशकाने सुरू केली. त्याच वर्षी मिशिगनच्या बेव्हर्ली जेंकिन्स हिची 'नाइट साँग' निघाली. वाचक कोठून आला? तो आलाच नव्हता, तो तेथेच उभा होता.

दार उघडले, परंतु आत गेल्यावर बसायला जागा वेगळी मिळाली. दुकानांतून ह्या कादंबऱ्या प्रणयकादंबरीच्या फळीवर न ठेवता 'आफ्रिकन-अमेरिकन' अशा निराळ्या फळीवर ठेवल्या जात. प्रेमकथा शोधत येणारी गिऱ्हाईक बाई त्या फळीकडे वळतच नसे. आम्हां मुंबईच्या कामगारांना हा प्रकार ओळखीचा आहे. गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना काम मिळे, पण साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, त्यांना शिरकाव नसे. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि शिवाशीव मानणाऱ्यांना ते चालत नसे. पगार तर त्याच खात्यात बरा. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. कारखान्यात घेतले म्हणजे समता आली असे नव्हे, कोणत्या खात्यात घेतले हे पाहावे लागते. पुस्तकाच्या दुकानातही तेच.

२००७ नंतर विजेवर वाचायची पुस्तके स्वतः प्रसिद्ध करण्याची सोय झाली आणि फळी कोणाच्या हातात, हा प्रश्न काहीसा मागे पडला. लेखिका सरळ वाचकाकडे जाऊ लागली. वाचकही एकमेकांना समाजमाध्यमांवरून पुस्तके सांगू लागले. मग एकामागून एक यश दिसू लागले. २०१८ साली हेलन होआंग हिची 'द किस कोशंट' आली. तिची नायिका स्वमग्न, आकडेशास्त्रात निष्णात. नायक अर्धा व्हिएतनामी. लेखिकेला स्वतःच्या स्वमग्नतेचे निदान प्रौढपणीच झाले होते. त्याच वर्षी जॅस्मिन गिलरी ही वकिली केलेली लेखिका पुढे आली. २०१९ साली इंग्लंडच्या टालिया हिबर्टने दीर्घकाळच्या अंगदुखीने पिडलेल्या कृष्णवर्णीय तरुणीला नायिका केले, आणि केसी मॅक्विस्टन ह्या लेखकाने अमेरिकेच्या अध्यक्षीणबाईंचा मुलगा व इंग्लंडचा राजपुत्र ह्यांची प्रेमकथा लिहून खपाची यादी गाठली. दुखणेकरी, स्वमग्न, काळे, समलिंगी: ज्यांना जुन्या कादंबरीत फार तर नायिकेची मैत्रीण किंवा दयेचा विषय होता येई, ते कथेच्या मध्यभागी आले. वाचकांनी ते उपकार म्हणून वाचले नाही, चवीने वाचले.

आता त्या संघटनेकडे वळतो, कारण संघटना हा माझा विषय आहे. कृष्णवर्णीय संपादिकेच्या पुढाकाराने स्थापन झालेली ही संस्था दरवर्षी आपल्या पहिल्या अध्यक्षा रीटा क्ले एस्ट्राडा ह्यांच्या नावाने पारितोषिके देई. २०१८ साली संस्थेनेच कबूल केले, की मागच्या १८ वर्षांत अंतिम फेरीत आलेल्या पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके शेकडा १ देखील नव्हती, आणि त्यांतील एकालाही पारितोषिक मिळालेले नव्हते. २०१९ च्या उन्हाळ्यात केनेडी रायन आणि एम. मलोन ह्या दोघींनी ही कोंडी फोडली. पण त्याच वर्षी डिसेंबरात कोर्टनी मिलन ह्या चिनी वंशाच्या लेखिकेला संस्थेने निलंबित केले. एका जुन्या कादंबरीत चिनी स्त्रियांचे चित्रण वंशद्वेषी आहे, अशी टीका तिने केली होती. सभासदांत एवढा क्षोभ झाला की निर्णय लगेच मागे घ्यावा लागला, संचालकांनी राजीनामे दिले, पुढच्या वर्षीची पारितोषिके रद्द झाली. नंतर नव्या पारितोषिकाला व्हिव्हियन स्टीफन्स ह्यांचे नाव देण्यात आले. उशीर झाला होता. एके काळी सुमारे १०,००० सभासद असलेली संस्था २,००० वर आली आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी युनियनचा माणूस म्हणून सांगतो, संघटना मालकाच्या माराने क्वचितच मरते. ज्या सभासदाची वर्गणी घ्यायची पण तक्रार घ्यायची नाही, तो निघून जातो, आणि त्याच्या मागे बाकीचे जातात. गंमत अशी, की संस्था खचत असतानाच वाचक वाढत होता. अमेरिकेत छापील प्रणयकादंबऱ्यांचा खप २०२० साली सुमारे १ कोटी ८० लाख प्रतींचा होता, तो २०२३ साली ३ कोटी ९० लाखांवर गेला. केवळ प्रणयकादंबऱ्या विकणारी दुकाने निघाली. ह्या साऱ्या वाढीचे श्रेय एकट्या सर्वसमावेशक कादंबरीला देणे खोटे होईल. पण तिच्यामुळे वाचक पळेल ही भीती निराधार होती, एवढे तर सिद्ध झाले.

विजय पुरा झाला असेही समजू नका. कॅलिफोर्नियातल्या अशाच एका दुकानाच्या मालकीण बहिणींनी प्रकाशकांची मोजदाद केली, तेव्हा २०१७ साली १०० पुस्तकांमागे गोरेतर लेखकांची साधारण ६ निघाली. अॅरबेस्कची वारस असलेली किमानी मालिका हार्लेक्विनने त्याच वर्षी बंद करण्याचे ठरवले. मालक फळी देतो तशी काढूनही घेतो. म्हणून मोजणारे डोळे वाचकाचे हवेत. त्या बहिणींनी तेच केले: पुस्तके मोजली आणि आकडा जाहीर केला.

हे काम आपल्याही हातचे आहे. उद्या आपल्या वाचनालयात जा. प्रेमकथांचे कपाट उघडा आणि नायक-नायिकांची आडनावे, वस्त्या आणि धंदे एका कागदावर उतरवून काढा. भंगार वेचणाऱ्या बाईला, पायाने अधू असलेल्या मुलाला, वस्तीतल्या मुलीला तेथे सुखाचा शेवट किती वेळा मिळाला ते पाहा. तो कागद ग्रंथपालांना द्या, आणि हव्या त्या पुस्तकांची मागणी त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून या.